वरोरा कोळसा खाण (१८७१–१९०६) : एका अल्पायुषी खाणीचा इतिहास

प्रास्ताविक

वरोरा म्हटले की आज आनंदवन आठवते. १९४९ साली बाबा आमटे यांनी सुरू केलेल्या कार्यामुळे त्या गावाला मिळालेली ही ओळख सर्वस्वी उचित आहे. परंतु त्यापूर्वी सुमारे पाऊण शतक हे गाव मध्य प्रांतात वेगळ्याच कारणासाठी परिचित होते, ते म्हणजे तेथील सरकारी कोळसा खाणीमुळे. ही खाण अवघी पस्तीस वर्षे चालली. वर्ध्याच्या व बोरगाव (मेघे) परिसराच्या वाचकांस तिच्याशी आपला काय संबंध, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. वर्ध्याहून दक्षिणेकडे जाणारा लोहमार्ग प्रथम या खाणीसाठी टाकला गेला, हे त्याचे थोडक्यात उत्तर होय. प्रस्तुत लेखात या खाणीचा उदय, तिचा अस्त आणि तिच्या मागे काय उरले याचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

खाणीची पार्श्वभूमी

वर्धा जिल्हा १८६२ साली निर्माण झाला आणि पालकवाडीच्या जागी १८६६ साली वर्धा शहराची वसाहत झाली. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांना कापसाची चणचण भासली होती व हिंगणघाटच्या 'बनी' कापसाला मोठी मागणी आली होती. कापूस मुंबईस नेण्यासाठी आगगाडी आली खरी, पण तिच्या इंजिनांना लागणारा कोळसा कोठून आणायचा? राणीगंजची बंगालमधील खाण दूर होती आणि विलायती कोळसा जहाजाने मुंबईस येऊन पुन्हा शेकडो मैल आत न्यावा लागे. अशा वेळी चांदा (आजचा चंद्रपूर) जिल्ह्यात कोळशाचे थर सापडणे ही शासनाच्या दृष्टीने केवळ भूवैज्ञानिक घटना नव्हती.

कोळसा चांद्यात सापडला, वर्ध्यात का नाही, याचे कारण भूगर्भात आहे. वर्धा जिल्ह्याचा बहुतांश भाग दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाने झाकलेला आहे. दक्षिणेकडे वर्धा नदीच्या खोऱ्यात हे आवरण विरळ होत जाते आणि त्याखालील गोंडवन समूहाचे फार जुने खडक उघडे पडतात. त्यांतील बराकर स्तरांत कोळसा आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांनी या कोळसाक्षेत्राचा सविस्तर वृत्तांत १८७७ साली प्रसिद्ध केला.

उत्पादन आणि लोहमार्ग

वरोऱ्याची खाण १८७१ पासून शासनाने स्वतः चालविली. भरभराटीच्या काळात तिचे वार्षिक उत्पादन एक लाख टनांच्या घरात गेले होते. आजच्या एखाद्या उघड्या खाणीच्या तुलनेत हा आकडा क्षुल्लक वाटेल; त्या काळच्या मध्य प्रांतात तो तसा नव्हता.

कोळसा बाहेर नेण्यासाठी वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत सुमारे ४५ मैलांचा (७२ कि. मी.) रुंदमापी मार्ग १८७० च्या दशकात बांधण्यात आला. त्याचे नावच 'वर्धा कोल स्टेट रेल्वे' असे होते. वाटेत हिंगणघाटची कापसाची पेठ होती, त्यामुळे कोळशाच्या गाडीचा लाभ कापसासही झाला.

या खोऱ्यातील कोळशात ओलाव्याचे प्रमाण अधिक असते व तो कोक करण्यास अयोग्य असतो. शिवाय हवेच्या संपर्कात तो आपोआप तापतो. छताला आधार म्हणून कोळशाचेच खांब सोडून भूमिगत खाणकाम केले जाते तेव्हा मागे राहिलेला असा कोळसा दीर्घकाळ धोक्याचा ठरतो. कोळसा काढावा तर छत खचते, ठेवावा तर आगीची भीती, अशा कात्रीत या क्षेत्रातील भूमिगत खाणकाम नेहमीच सापडलेले दिसते. भारतातील पहिला खाण कायदा १९०१ साली आला. तोपर्यंत वरोऱ्याच्या खाणीचे बहुतेक आयुष्य सरून गेले होते. १९०६ मध्ये ती बंद करण्यात आली आणि शासनाचे लक्ष बल्लारपूरच्या नव्या खाणीकडे वळले.

खाणीनंतर

खाण मिटली, रूळ मात्र राहिले. वरोऱ्यापुढे मार्ग बल्लारपूरकडे वाढविण्यात आला आणि १९२९ साली काझीपेठ–बल्लारशाह जोडमार्ग पूर्ण होताच दिल्ली–मद्रास हा सरळ मार्ग साकार झाला. एका लहान खाणीची शाखा देशाच्या महामार्गाचा भाग बनली. १९३४ नंतर गांधीजी वर्ध्यास व पुढे सेवाग्रामला राहू लागले तेव्हा देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे सुलभपणे पोहोचू शकली, यात या रुळांचाही वाटा आहे. त्या वेळचे वर्धा ईस्ट स्थानक आज सेवाग्राम म्हणून ओळखले जाते. वर्ध्याच्या राष्ट्रीय महत्त्वाची चर्चा करताना आपण व्यक्तींचा विचार करतो, कोळशाचा करीत नाही. ही उणीव प्रस्तुत लेखकास जाणवते.

दुसरी बाब खुद्द खाणीच्या जागेची. जर्मनीतील शेवटची दगडी कोळशाची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बोट्रोप येथे बंद झाली. तेथील रूर प्रदेशात खाणकामामुळे जमीन अनेक मीटर खचलेली असल्याने पाण्याचा उपसा कायम करीत राहावा लागतो. या खर्चाला जर्मन भाषेत 'चिरंतन भार' अशा अर्थाचा शब्द आहे आणि त्यासाठी स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन करून निधीची तरतूद केली आहे. आपल्याकडे कोळसा मंत्रालयाने खाण बंद करण्याच्या आराखड्याविषयी मार्गदर्शक सूचना २००९ साली काढल्या. त्यानुसार खाण चालू असतानाच बंदीच्या खर्चाची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. वरोऱ्याची खाण या सूचनांच्या १०३ वर्षे आधी मिटली. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर या खोऱ्यातील खाणी शासनाच्या ताब्यात आल्या व १९७५ पासून नागपूर येथे मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सकडे त्या आहेत. जुन्या भूमिगत खाणींच्या लगत नवे काम सुरू करताना जुन्या पोकळ्या व त्यांतील साचलेले पाणी नेमके कोठे आहे हे नकाशावरूनच कळते. पस्तीस वर्षांच्या त्या खाणीचे नकाशे व हिशेबाच्या वह्या म्हणूनच केवळ इतिहासाच्या विद्यार्थ्यांच्या उपयोगाच्या नाहीत.