जुना एसी बदलताना पैसा कशावर घालावा?

उन्हाळा ऐन भरात आला की घरातला किंवा दुकानातला जुना एसी हमखास दगा देतो. मिस्त्री येतो, झाकण उघडून पाहतो आणि सांगतो, "शेठ, कॉम्प्रेसर गेला. यात पैसे घालण्यापेक्षा नवीन घ्या." नवीन घ्यायला गेले की प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. तीन स्टार की पाच? एक टन की दीड? वायफाय हवे का? हिवाळ्यात गरम हवा देणारा दाखवू का? उकाड्याने हैराण झालेला ग्राहक प्रत्येक गोष्टीला 'हो' म्हणत जातो आणि ठरवलेल्या रकमेचे दीडपट बिल घेऊन घरी येतो. यातील कोणता जादा खर्च भरून निघतो आणि कोणता पाण्यात जातो, याचा हिशेब दुकानाची पायरी चढण्यापूर्वीच केलेला बरा.

बदलावा की दुरुस्त करावा?

कपॅसिटर, पंख्याची मोटर किंवा रिमोट बिघडला असेल तर दुरुस्तीच करावी. कॉम्प्रेसर किंवा कॉइल गेली असेल तर यंत्रात कोणता गॅस आहे ते आधी पाहावे. जुन्या विंडो एसीत बहुधा आर-२२ असतो. ओझोनच्या थराला हानी करणारा हा गॅस १९८७ च्या माँट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. भारतात १ जानेवारी २०२५ पासून नवीन यंत्रे बनवताना तो वापरण्यास मनाई आहे. अशा यंत्रावर मोठा खर्च करणे म्हणजे बुडत्या धंद्यात भांडवल घालणे होय.

काही मिस्त्री आर-२२ च्या यंत्रात आर-३२ भरून देतो म्हणतात. त्यांना स्पष्ट नकार द्यावा. दोन्ही गॅसचे दाब वेगळे, कॉम्प्रेसरचे तेल वेगळे, आणि आर-३२ पेट घेऊ शकतो.

मालेगाव, जळगाव, नागपूरकडच्या मंडळींनी आणखी एक विचार करावा. तिथल्या कोरड्या हवेत चांगला कूलर दोन-अडीचशे वॅटमध्ये खोली गार करतो. भिवंडी, मुंब्रा, रत्नागिरीच्या दमट हवेत मात्र त्याचा उपयोग होत नाही.

स्टार किती घ्यावे?

एसीवरील स्टारच्या लेबलवर वर्षाला किती युनिट वीज लागेल तो आकडा छापलेला असतो. तो वर्षाला १६०० तासांच्या वापरावर काढलेला असतो. आपला वापर तेवढाच असेल असे नाही, आणि सारा हिशेब इथेच फिरतो.

समजा, तीन स्टारच्या लेबलवर १००० युनिट आहेत, पाच स्टारच्या लेबलवर ८०० आहेत आणि दोघांच्या किमतीत आठ हजारांचा फरक आहे. विजेचा दर युनिटला १० रुपये धरू. दुकानात रोज दहा तास, वर्षाचे २४० दिवस एसी चालला तर २४०० तास होतात. म्हणजे ३०० युनिट, अर्थात ३००० रुपये वाचतील. जादा किंमत तीन वर्षांच्या आत वसूल होते. हाच एसी घरी उन्हाळ्याचे तीन महिने रोज सहा तास लावला, तर जेमतेम ५४० तास भरतात. वर्षाला पावणेसातशे रुपये वाचतात आणि आठ हजार वसूल व्हायला बारा वर्षे लागतात. तोवर यंत्रच जुने होईल! तेव्हा दुकानासाठी पाच स्टार आणि घरासाठी तीन स्टार, असा निर्णय एकाच माणसाने घेतला तरी त्यात विसंगती नाही.

विजेचा दर मात्र आपल्या बिलावरून घ्यावा. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटच्या पायऱ्या आहेत आणि वाचणारे युनिट सर्वांत वरच्या, महाग पायरीचे असतात. दुकानाचा दर घरापेक्षा वेगळा आणि चढा असतो. लेबल कोणत्या काळातले आहे तेही पाहावे. जुलै २०२२ मध्ये निकष कडक झाले, तेव्हा आधीचा पाच स्टार एका रात्रीत चार स्टार झाला होता.

'इन्व्हर्टर एसी' या नावाने फसू नये. त्याचा बॅटरीशी संबंध नाही. वीज गेली की तोही बंद. त्याचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो, म्हणून वीज वाचते. पण त्यातील सर्किट बोर्ड जळाला तर खर्च मोठा येतो. कॉम्प्रेसरच्या दहा वर्षांच्या वॉरंटीचा गाजावाजा होतो. आपण बोर्डाची वॉरंटी किती, ते विचारावे.

टन वाढवण्याआधी छत पाहा

'एक टन मोठाच घ्या' हा सल्ला नेहमी मिळतो. साधारण १०० ते १२० चौरस फुटांच्या खोलीला एक टन आणि १५० ते १८० ला दीड टन पुरतो. वर पत्रे असतील किंवा खोली सर्वांत वरच्या मजल्यावर असेल तर जास्त लागतो. गरजेपेक्षा मोठा साधा एसी खोली झटकन गार करून बंद पडतो, पण हवेतला दमटपणा तसाच राहतो. त्याऐवजी छताला पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग द्यावा, पत्र्याखाली छत ठोकावे आणि पश्चिमेच्या खिडकीवर ताडपत्री घालावी. अर्धा टन लहान यंत्र घेऊन भागले तर हा खर्च बराचसा तिथेच निघतो.

नंतर न करता येणारी कामे

एसी जुन्याच वायरीवर जोडून देण्याची घाई सर्वजण करतात. आगीचे मूळ पुष्कळदा तिथेच असते. मीटरपासून स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि पक्के अर्थिंग यांवर कंजूषी करू नये. मंजूर भार पुरतो का, हेही तपासावे. जुना तांब्याचा पाइप वापरायचा असेल तर तो आतून साफ करून घ्यावा. गॅस सोडण्याआधी पाइप व्हॅक्यूम पंपाने रिकामा करायला सांगावे. लूम असलेल्या वस्तीत दाब सारखा वरखाली होतो. तिथे 'स्टॅबिलायझरची गरज नाही' या वाक्यावर विसंबू नये. यंत्र किती व्होल्टपर्यंत सोसते ते वाचावे.

वायफाय, शोभेचे दिवे, कोकणात गरम हवेची सोय, हे सारे नसले तरी काही अडत नाही.

हप्ते आणि बिल

'बिनव्याजी हप्ते' या पाटीपुढे बरेच बांधव निर्धास्त होतात. पण २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसते. रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला मिळत नाही, शिवाय प्रोसेसिंग फी लागते. म्हणून पहिला प्रश्न एकच विचारावा: "आज रोख दिले तर किती घ्याल?" व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्याने थंडीच्या दिवसांत, गर्दी नसताना, रोखीने घ्यावे. सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने आपल्या जीएसटी क्रमांकाचे पक्के बिल घेऊन हिशेबनीसाला दाखवावे.

कारागीर बंधूंसाठी

आपल्यातील अनेक तरुण एसी दुरुस्तीच्या कामात आहेत. आर-२२ चे काम आता कमी होत जाणार. आर-३२ ची रीत, व्हॅक्यूम पंप, नायट्रोजनने दाब-तपासणी हे ज्याच्या हाती असेल त्यालाच पुढे काम मिळेल. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. धाकट्या भावाला नुसते हाताखाली राबवण्यापेक्षा तिथे घातलेले चांगले.

आणि एक सुधारणा फुकट आहे. २०२० पासून नवे एसी २४ अंशांवर सुरू होतात. तिथून रिमोटवर एक-एक अंश खाली आणला की सुमारे सहा टक्के वीज वाढत जाते. २४ अंश आणि वर मंद पंखा, एवढे पाळले तरी दुकानातल्या गिऱ्हाइकाला गारवा मिळेल आणि महिनाअखेरीस बिल पाहून मालकाला घाम फुटणार नाही.