पर्ल हायस्कूल : बंद शाळेचा वारसा

शाळा बंद होते तेव्हा नेमके काय संपते? अमेरिकेतील नॅशव्हिल शहराच्या पर्ल हायस्कूलचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १८८३ साली कृष्णवर्णीय मुलांसाठी निघालेली ही सार्वजनिक शाळा. वर्णभेदामुळे गोऱ्यांच्या शाळांशी खेळणे तिला वर्ज्य होते. कृष्णवर्णीय शाळांची राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा मात्र तिने १९५८ ते १९६० अशी सलग तीन वर्षे जिंकली. १९६६ मध्ये टेनेसीची राज्यस्पर्धा प्रथमच दोन्ही वर्णांच्या शाळांना खुली झाली. पर्लने त्या हंगामातील एकतीसच्या एकतीस सामने जिंकून अजिंक्यपद मिळविले.

त्या संघातील पेरी वॉलेस शाळेत गुणानुक्रमेही पहिले होते. व्हँडरबिल्ट विद्यापीठात त्यांनी अभियांत्रिकीची पदवी घेतली, साउथईस्टर्न कॉन्फरन्समधील पहिले कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू म्हणून अवहेलना सोसली आणि पुढे ते कायद्याचे प्राध्यापक झाले. मैदान आणि वर्ग यांत पर्लने अंतर मानले नव्हते, हे यावरून दिसते.

वर्णभेद मिटविण्यासाठी शाळांची फेररचना झाली, तीत १९८३ साली पर्ल दुसऱ्या शाळेत विलीन झाली. ज्या समाजाने न्याय मागितला, त्यालाच आपली शाळा गमवावी लागली. शाळेची वास्तू पुढे दुसऱ्या विद्यालयाकडे गेली. वारसा मात्र माजी विद्यार्थ्यांकडेच राहिला. तो जपणे हे त्यांचे ऋण आहे, आणि आपलेही.