रेखाटन आणि वाहती नदी

पूर्ण झालेले चित्र भिंतीवर टांगता येते. ते घडत असतानाचा आनंद मात्र जपून ठेवता येत नाही. जबलपूरचे चित्रकार आणि लेखक अमृतलाल वेगड (१९२८–२०१८) यांच्या कार्यात या गोष्टीचा प्रत्यय येतो. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकून ते जबलपुरात कलाशिक्षक झाले. १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी नर्मदाकाठची पदयात्रा आरंभिली. तिचा पहिला टप्पा जबलपूर ते मंडला हा होता.

वाटेत दिसणारे घाट आणि माणसे ते रेखाटीत. अशा रेखाटनाला अवधी थोडा असतो. वाटसरू पुढे निघून जातो, ऊन सरकते आणि हाताला दुरुस्तीची सवड उरत नाही. त्यामुळे चित्रकाराचे सारे चित्त पाहण्यात एकवटते; आनंद उपजतो तो या एकाग्रतेतून. पुढे याच अनुभवावरून ते रंगीत कागद कापून व चिकटवून कोलाजचित्रे सिद्ध करीत.

१९९० साली बरगी धरण पुरे झाले आणि त्या पहिल्या वाटेचा बराच भाग जलाशयाखाली गेला. काठावरच्या लोकांना घरेदारे सोडावी लागली. चित्राने ती हानी भरून निघत नाही. तथापि, बुडण्यापूर्वी तो काठ एका माणसाने पायी चालत, मन लावून पाहिला होता, याची साक्ष त्या रेषा देतात.