प्रसूतीनंतरचीं औषधें आणि त्यांची वेळ

मूल जन्मास आलें, त्यानें पहिला टाहो फोडला, कीं घरच्या मंडळींचा जीव भांड्यांत पडतो. परंतु बाळंतिणीचा अत्यंत नाजूक काळ त्याच घटकेस सुरू होतो. या काळांत आईस व अर्भकास जीं औषधें देतात, त्यांपैकीं बहुतेक रोग बरा करण्यासाठीं नसून तो होऊंच नये म्हणून असतात. साहजिकच त्यांच्या गुणाइतकेंच महत्त्व त्यांच्या वेळेस आहे.

पहिलें औषध ऑक्सिटोसिन. वार सुटल्यावर गर्भाशयाच्या आंतील रक्तवाहिन्या उघड्या राहतात. गर्भाशय घट्ट आकुंचन पावला कीं स्नायूंच्या विळख्यांत त्या मिटतात. तो सैल राहिला तर थोड्याच वेळांत आईच्या जिवावर बेतेल इतका रक्तस्राव होतो. म्हणून मूल बाहेर येतांच ऑक्सिटोसिनचीं १० युनिटें इंजेक्शनानें देतात. हें द्रव्य शरीरांतही निर्माण होतें आणि मूल अंगावर पिऊं लागलें कीं अधिक स्रवतें. व्हिन्सेंट द्यु विन्यो यांनीं १९५३ सालीं तें कृत्रिम रीतीनें तयार केलें. १९५५ सालीं त्यांस रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. उष्णतेनें याचा गुण उतरतो. म्हणून तें शीतपेटींतच ठेवावें लागतें.

दुसरें औषध अर्भकाचें, 'के' जीवनसत्त्व. रक्त गोठण्यास तें अवश्य असतें. परंतु वारेंतून तें फार थोडें पोंचतें, आईच्या दुधांतही तें अल्पच असतें, आणि तें निर्माण करणारे जंतु नवजाताच्या आंतड्यांत अद्यापि वसलेले नसतात. त्यामुळें वरून धडधाकट दिसणाऱ्या बाळासही क्वचित् मेंदूंत रक्तस्राव होतो. पूर्ण दिवसांच्या मुलास मांडींत दिलेलें १ मिलिग्रॅमचें इंजेक्शन हा धोका टाळतें.

पहिल्या २४ तासांत 'बी' प्रकारच्या काविळीची लस द्यावयाची असते. प्रसूतीच्या वेळीं आईकडून हा विषाणु मुलाकडे गेला, तर तो बहुधा जन्मभर ठाण मांडतो. बी.सी.जी. लस व पोलिओचे थेंबही भारतांत जन्मतःच देतात.

आईचा रक्तगट आर.एच. ऋण व मुलाचा धन असल्यास ७२ तासांची मर्यादा लक्षांत ठेवावी. तेवढ्या अवधींत 'अँटि-डी' इंजेक्शन दिलें नाहीं, तर आईच्या रक्तांत प्रतिद्रव्यें बनण्याचा संभव असतो. त्यांचा उपद्रव या बाळास सहसा होत नाहीं. तो पुढील गर्भास होतो.

यापुढील औषधें सावकाशीचीं. लोह व फोलिक आम्लाची गोळी आईनें १८० दिवस रोज घ्यावी, कॅल्शियमही तितकेच दिवस. मात्र दोन्ही एकाच वेळीं घेऊं नयेत, कारण कॅल्शियममुळें लोह अंगीं लागत नाहीं.

आतां घरच्या गुटीविषयीं. वेखंड, जायफळ, मुरडशेंग सहाणेवर उगाळून त्यांत मधाचें बोट बुडविण्याची रीत जुनी आहे, आणि तिच्यामागें आजीची माया असते. परंतु मधांत बॉट्युलिझमचे बीजाणु असूं शकतात. एक वर्षाच्या आंतील बाळाचें आंतडें त्यांस रोखूं शकत नाहीं, आणि बाळ लुळें पडून त्याचा श्वासही बंद पडूं शकतो. सहा महिने आईचें दूध पुरे. पहिला चीक तर मुळींच टाकूं नये. वैद्यानें सांगितलेलीं औषधें मात्र याला अपवाद आहेत.

म्हणून सुतिकागृहांतून घरीं येण्यापूर्वीं घरच्या कर्त्या माणसानें आईचा रक्तगट, बाळास 'के' जीवनसत्त्व दिलें कीं नाहीं, आणि लसींची तारीख, हीं तीन विचारून कागदावर लिहून घ्यावीं.