माहिती चौकट : वकिलावरच तक्रार आली तर?

महापेच्या एमआयडीसीत ऑफिस थाटलेल्या वकिलाविरुद्ध गैरवर्तनाची तक्रार असेल, तर ती बेलापूर कोर्टात चालत नाही. ती जाते फोर्टला, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे. आधार अधिवक्ता अधिनियम, १९६१ चं कलम ३५.

बचावाची खरी जागा पहिल्याच पायरीवर असते. गैरवर्तन झालं असं मानायला कारण आहे, असं कौन्सिलला वाटलं तरच प्रकरण तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीकडे जातं. मुंबईतल्या एका वकिलाविरुद्ध समोरच्या बाजूने केलेली तक्रार अशीच पुढे सरकवली गेली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती मोडीत काढली, वर कौन्सिललाच ५० हजारांचा खर्च भरायला लावला. तक्रारदार तुमचा अशील नसेल, तर हा निकाल आधी वाचा.

‘फी थकली म्हणून कागद अडवले’ हा बचाव मात्र लंगडा. बहुतेकांना तो रास्त वाटतो, ही पंचाईत! फीपोटी अशिलाच्या फायली रोखण्याचा हक्क वकिलाला नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००० मध्ये आर. डी. सक्सेना प्रकरणात स्पष्ट केलं.

शिक्षा : ताकीद, ठरावीक काळ निलंबन किंवा वकिलांच्या यादीतून नाव कमी. तक्रार वर्षभरात निकाली निघाली नाही, तर ती बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होते. आदेशाविरुद्ध अपीलही तिथेच, त्यानंतर सुप्रीम कोर्टात. दोन्हींची मुदत ६० दिवस. मोजणी आदेश कळवल्याच्या तारखेपासून.