केबल-सांधा, जलरोधक
निमज्जन पंपाच्या चलित्राची आखूड केबल व जमिनीवरून सोडलेली लांब केबल यांचा पाण्याखाली टिकणारा जोड. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात बेसॉल्टच्या फटींतील पाण्यासाठी विंधन विहिरी खोल न्याव्या लागतात. सांध्यात पाणी शिरल्यास मोटार जळते, नळांसह सर्व वर काढावे लागते आणि ऐन उन्हाळ्यात उभे पीक वा द्राक्षबाग हातची जाते.

केवळ चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा स्वस्त, पण बेभरवशाचा. त्यावरील दाब विहिरीच्या खोलीवर नव्हे, तर सांध्यावर उभ्या असलेल्या पाण्याच्या उंचीवर अवलंबून असतो व दर १० मी.स सु. एक वातावरणाने वाढतो. पंप चालू-बंद होताना पातळी हलते आणि हा कमीजास्त होणारा दाब पाणी पट्टीच्या थरांत ढकलतो. म्हणून सांधा साच्यात ठेवून त्यावर एपॉक्सी रेझीन ओततात.

तिन्ही तारा कमीजास्त लांबीवर कापतात, म्हणजे जोड शेजारी येत नाहीत. प्रत्येक जोड तांब्याच्या नळीत दाबून त्यात डाख भरतात. अन्यथा पाणी तारेच्या धाग्यांमधून केशाकर्षणाने पुढे सरकते. केबलीचे आवरण काचकागदाने खरवडणे फार महत्त्वाचे, कारण गुळगुळीत प्लॅस्टिकवर रेझीन नीट धरत नाही. उलट, पॉलिएथिलिनाच्या बाटलीला ते चिकटतच नाही. म्हणून कापलेली टाकाऊ बाटली साच्यास उत्तम ठरते. सांधा मात्र बारीक हवा. जाड झाल्यास विहिरीच्या भिंतीस घासतो.

दृढकारक जास्त घातल्यास रेझीन लवकर व पक्के होते, हा समज चुकीचा आहे. प्रमाण उत्पादकाने दिलेलेच हवे. एकदम मोठा घाणा कालविल्यास तो तापतो, त्यात बुडबुडे व तडे पडतात. यास्तव रेझीन हळू ढवळून बारीक धारेने, दोन-तीन वेळा ओततात व निदान एक दिवस हलवीत नाहीत. आंबूस वासाचे सिलिकोन येथे वापरू नये. त्यातील ॲसिटिक अम्ल तांबे गंजविते.

सांधा रात्रभर मिठाच्या पाण्यात बुडवून ५०० व्होल्टच्या मेगरने प्रत्येक तार व पाणी यांमधील रोध मोजतात. चांगला नवा सांधा कित्येक मेगाओहम दाखवितो. रोध १ मेगाओहमखाली असल्यास तो कापून पुन्हा करावा. पंप सोडल्यावर हीच मोजणी पुन्हा करतात. त्या वेळी मुख्य स्विच बंद व फ्यूज काढलेले असावे लागतात.