पार्सलाचा खरा भार

घरबसल्या जिन्नस विकणाऱ्या गृहिणींचा नफा पुष्कळदां वाहतुकींतच बुडतो. माझ्या सुनेनें किलोभर मेतकूट ३० सेंटिमीटर लांब, तितक्याच रुंद व उंच खोक्यांतून धाडलें. हशील मात्र साडेपांच किलोंचें पडलें. ही लबाडी नव्हे, हें गणित आहे. कुरिअरवाले खोक्यानें अडविलेली जागाहि मोजतात. लांबी, रुंदी व उंची यांच्या गुणाकारास ते बहुधा ५००० नें भागतात. २७००० भागिले ५००० म्हणजे ५.४ किलो. हा आंकडा व प्रत्यक्ष वजन यांपैकीं जें अधिक, त्यावर आकार. तेंच मेतकूट २०, १५ व १० सेंटिमीटरांच्या खोक्यांत मावतें. त्याचा हिशेबी भार ०.६ किलो, म्हणून खऱ्या वजनाचेच पैसे पडतात.

आतां ग्राहकांविषयीं. माल हातीं पडल्यावर पैसे देण्याची सोय नवी नाहीं, टपालखात्याची व्ही. पी. १८७७ सालापासूनची. परंतु दारीं आलेलें पार्सल आपण परत धाडलें, कीं जाण्यायेण्याचा भुर्दंड बहुधा विकणारीवरच पडतो. विश्वास असेल तेथें पैसे आगाऊ द्यावे. आणि विकणारीनें तराजूशेजारीं मोजपट्टीहि ठेवावी.